काळी शाई : काजळीपासून फाउंटन पेनपर्यंत

शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपण शाळेच्या इमारतीबद्दल बोलतो, शिक्षकांबद्दल बोलतो, पाठ्यपुस्तके आणि शिष्यवृत्त्या यांबद्दल बोलतो. परंतु ज्या द्रव्याच्या साहाय्याने माणसाचे ज्ञान शेकडो वर्षे कागदावर उतरत आले, त्या शाईकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाटली संपली की दुसरी आणावी, एवढाच तिचा आपला संबंध. वास्तविक 'काळी शाई' हे एका पदार्थाचे नाव नाही. लिहिताना सारख्याच दिसणाऱ्या काळ्या शाईंत जातीचा फरक असतो. एक पाण्याने पुसली जाते, दुसरी कागदात मुरून बसते, तिसरी उन्हाने विटते, तर चौथी हजार वर्षांनीही तशीच राहते. हा फरक ओळखण्याची जरुरी का आहे, हे मला फार उशिरा आणि स्वतःच्या चुकीमुळे कळले. ती हकीकत प्रथम सांगतो.

दिनांक २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला महापूर आला आणि चिपळूण शहर पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर त्या परिसरातील एका शाळेचे भिजलेले दप्तर वाळविण्याच्या कामी आम्ही काही सेवानिवृत्त शिक्षक गेलो होतो. याच शाळेत माझ्या नोकरीची पहिली वर्षे गेली होती. जनरल रजिस्टरांचे जाड गठ्ठे चिखलाने माखलेले होते. आम्ही एकेक पान सुटे करून पंख्याखाली मांडू लागलो. एक गोष्ट लगेच ध्यानात आली. सर्वांत जुन्या रजिस्टरांची पाने फुगली होती, कडा फाटल्या होत्या, पण टाकाने लिहिलेली अक्षरे जागच्या जागी होती. त्यानंतरच्या काळातील काही रजिस्टरे मात्र उघडली तर आत अक्षरे नव्हतीच. होते ते जांभळट राखी रंगाचे डाग. आणि त्या डागांच्या काठाशी कुठे कुठे वाचता येईल असे जे वळण उरले होते, ते माझ्याच हाताचे होते.

तरुणपणी मला काळ्याभोर अक्षराची मोठी हौस होती. रजिस्टरसाठी मिळणारी निळसर काळी शाई मला फिकी वाटे, म्हणून मी पदरचे पैसे खर्चून फाउंटन पेनची काळी शाई आणीत असे आणि तिनेच नोंदी करीत असे. हेडमास्तरांनी एकदा हटकले होते, "मास्तर, रजिस्टरला हीच शाई का वापरता?" मी म्हणालो, "सर, अक्षर उठून दिसते." ते हसले आणि पुढे गेले. त्या उत्तराची किंमत चाळीस वर्षांनी कळली. पुरानंतर काही दिवसांनी एक बाई आपल्या मुलासह आल्या. त्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा उतारा हवा होता. त्यांचे नाव १९७९ सालच्या पानावर होते, आणि ते पान धुऊन गेले होते. पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगतो. मधल्या पानांत, ती शाई का धुतली गेली आणि तिच्याआधीची का टिकली, याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. फारसीत 'सियाह' म्हणजे काळा आणि 'सियाही' म्हणजे काळेपणा. त्यावरून आपला 'शाई' हा शब्द आला. म्हणजे काळी शाई म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो, आणि लाल शाई म्हणताना तर परस्परविरुद्ध बोलतो! शाई ठेवण्याची दौत ही अरबी 'दवात', कलम हा शब्दही अरबीच, आणि कागद व दप्तर हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. संस्कृतातला जुना शब्द 'मसि'. लेखनाच्या साहित्याची ही नावेच सांगतात की लिहिणाऱ्यांचा हा व्यवहार किती भाषांच्या माणसांनी मिळून चालविला.

सर्वांत प्राचीन काळी शाई काजळीची. तेलाचा दिवा लावावा, त्यावर मातीचे भांडे पालथे धरावे, भांड्याला धरलेली काजळी खरवडून घ्यावी, डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ घोटावी, की शाई तयार. हिंदुस्थानात काही ठिकाणी तीत माक्याचा रस घालीत. चीनमध्ये काजळी सरसात कालवून तिच्या कांड्या करीत आणि लिहितेवेळी दगडावर पाण्यात उगाळीत. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. त्याच्यावर ऊन, हवा, आम्ल, अल्कली यांचा काही परिणाम होत नाही. म्हणूनच दोन दोन हजार वर्षांपूर्वीच्या काजळी शाईचा काळेपणा आजही उणा झालेला दिसत नाही.

इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीची एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. सिनान या विख्यात वास्तुकाराने ही मशीद १५५० ते १५५७ या काळात बांधली. तिच्यात तेलाचे असंख्य दिवे जळत. त्यांच्या धुराने भिंती काळ्या होऊ नयेत म्हणून हवेचा झोत असा खेळविला होता की सारी काजळी मुख्य दरवाजावरच्या एका खोलीत जाऊन साचावी. तेथून ती गोळा करून तिची शाई बनवीत. भिंतीवरचा डाग चुकवावा आणि त्याच काजळीने लिहावे, अशी ती योजना होती.

काजळी शाईत एक उणीव मात्र होती. ती कागदाच्या पृष्ठभागावर बसते, आत मुरत नाही. ओल्या फडक्याने ती पुसता येते. लेखन शिकणाऱ्या मुलाला हा गुणच वाटे, कारण लाकडी तख्ती धुऊन पुन्हा लिहिता येई. परंतु करारनामे, सनदा आणि निवाडे यांच्या दृष्टीने हा दोष होता. पुसता येते ते बदलताही येते!

यावर उपाय म्हणून दुसऱ्या जातीची शाई पुढे आली. ओक जातीच्या झाडांवर विशिष्ट कीटक अंडी घालतात आणि तेथे गाठी येतात. या गाठी म्हणजे आपल्या गंध्याच्या दुकानात मिळणारे माजूफळ. माजूफळात टॅनिन भरपूर असते. त्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, आणि डिंक घातला की शाई होते. तिची मौज अशी की ताजी असताना ती फिकी असते. कागदावर उतरल्यावर हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होतो, आणि मग एकदोन दिवसांत ती काळी होते व पाण्यात न विरघळणारी बनते. ती कागदाच्या तंतूंतच तयार होते, म्हणून ती पुसता येत नाही. खरवडावीच लागते, आणि खरवडले की कागद बोलतो.

अरबी ग्रंथकारांनी या दोन जातींतला भेद नीट ओळखला होता. काजळीच्या शाईला प्रायः 'मिदाद' आणि माजूफळाच्या शाईला 'हिब्र' म्हणत, पुढे हे शब्द एकमेकांच्या जागीही वापरले जाऊ लागले. अकराव्या शतकात ट्युनिशियाकडे राज्य करणारा मुइज्ज इब्न बादीस याच्या नावावर 'उमदतुल् कुत्ताब' हा ग्रंथ आहे. त्यात लेखण्या, शाई, बांधणी यांच्या कृती दिल्या आहेत. इजिप्तच्या मामलुक राजवटीतील कचेरीत काम करणारा अल्-कल्कशंदी (मृत्यू १४१८) याने आपल्या 'सुब्हुल् आशा' या प्रचंड ग्रंथात शाईचे दोन प्रकार सांगितले आहेत : कागदाला मानवणारी काजळीची, आणि चर्मपत्राला मानवणारी माजूफळाची. चर्मपत्रावर काजळी नीट धरत नाही, हे त्यामागचे कारण. हा लेखक स्वतः कचेरीत लेखणी चालविणारा होता, म्हणून त्याच्या सांगण्यात अनुभवाचे वजन आहे.

इराण व हिंदुस्थानातील खुशनवीसांनी पुढे दोन्ही जातींचा मेळ घातला. एक भाग काजळी, एक भाग हिराकस, दोन भाग माजूफळ आणि चार भाग डिंक, असे एक प्रमाण त्यांच्यात प्रसिद्ध होते, आणि त्यावर खरे काम बाहूंचे, म्हणजे घोटण्याचे. काजळीने तत्काळ काळेपणा यावा आणि माजूफळाने तो कागदात मुरावा, असा हा विचार. या मंडळींना दरबारी मान केवढा होता! विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने खलीलुल्लाह या खुशनवीसाला 'बादशाहे कलम' असा किताब दिला होता. एका बादशहाने लेखणीच्या धन्याला बादशहा म्हणावे, यात लेखनकलेचा गौरव आहे.

आपल्या महाराष्ट्रातही लेखनाच्या साहित्याची परंपरा मोठी. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी मुसलमानांची घराणी हातकागद करीत आली. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटीत, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे, मोकळे आणि शाईने काळेभोर असावे, असा त्यांचा आग्रह आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल सोडले की आजही बोरूने लिहिलेली मोडी अक्षरे काळीशार दिसतात. कागज्याने घोटलेला कागद, त्यावर कारकुनाची काजळी शाई, आणि त्यांच्या जोरावर आज लिहिला जाणारा आपला इतिहास. या कामात कोणाचा वाटा किती, हे कोण वेगळे करणार?

माजूफळाच्या शाईचेही दोष सांगितले पाहिजेत, नाहीतर तुलना एकांगी होईल. ही शाई आम्लधर्मी. प्रमाण बिघडले की ती कागद खाऊन टाकते. जर्मन संगीतकार बाख याच्या बर्लिन येथील हस्तलिखितांत असेच झाले. जेथे शाई दाट पडली होती तेथे कागद जळल्यासारखा होऊन भोके पडली, आणि ती पाने वाचविण्यासाठी तज्ज्ञांना फार परिश्रम करावे लागले. उलट बाजूही पाहा. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक प्रत १२२९ साली खरवडून त्याच चर्मपत्रावर प्रार्थनेचे पुस्तक लिहिण्यात आले होते. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा तो जुना मजकूर अलीकडे शास्त्रज्ञांनी पुन्हा वाचला. काही पानांवर तर २००५ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईतील लोहाचे अवशेष टिपण्यात आले. पुसलेले अक्षरही लोहाने आपल्या ठायी जपून ठेवले होते.

आता फाउंटन पेनकडे वळू. शाई भरलेल्या लेखणीची कल्पना जुनी. पण शाई एकदम न सांडता हवी तेवढीच उतरावी, ही अडचण सुटत नव्हती. अमेरिकेत लुइस वॉटरमन याने १८८४ साली पेटंट घेतले. त्याच्या पेनमध्ये निबाखालच्या जिभेला बारीक चरे होते. केशाकर्षणाने शाई खाली येई आणि तिच्या जागी हवा वर जाई. हे चरे इतके सूक्ष्म की काजळी शाई भरली तर काजळीचे कण आणि डिंक त्यांत वाळून पेन कायमचे बसे. अशा रीतीने दोन हजार वर्षांची सर्वांत टिकाऊ शाई या नव्या लेखणीला निरुपयोगी ठरली.

माजूफळाची शाई राहिली. इंग्लंडमध्ये हेन्री स्टीफन्स याने १८३२ साली शाईचा धंदा सुरू केला होता आणि त्याची निळसर काळी शाई नावारूपाला आली होती. लोहाची शाई आरंभी फिकी दिसते, म्हणून तीत निळा रंग मिसळीत. लिहिताना अक्षर निळे दिसे आणि नंतर काळे होई. आपल्या कचेऱ्यांतून जी 'ब्लू-ब्लॅक' म्हणून ओळखली गेली ती मुळात हीच. विलायतेत जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदवह्या दीर्घकाळ याच जातीच्या शाईने लिहिल्या गेल्या. मात्र तिच्या आम्लाने पोलादी निब गंजत. सोन्याचे निब केवळ श्रीमंतीसाठी नव्हते. सोन्याला हे आम्ल बाधत नाही, हेही त्याचे एक कारण होते.

तिसरी जात रसायनशास्त्राने दिली. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. हे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात. त्यांत गाळ नाही, आम्ल कमी, पेन चोंदत नाही. फाउंटन पेनला असेच द्रव्य हवे होते. पार्कर कंपनीची क्विंक शाई १९३१ साली बाजारात आली. क्विक आणि इंक या दोन शब्दांचा तो जोड, कारण ती लवकर वाळे. त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग आरंभला. प्रथम 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या व गोळ्या, आणि लवकरच फाउंटन पेनची 'कॅमल' शाई. पुढे कॅमलिन या नावाने ती महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून पोहोचली. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या प्रेरणेने 'सुलेखा' शाई काढली. परदेशी शाईने स्वदेशीची पत्रके लिहावी लागू नयेत, ही त्यामागची भावना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो कारखाना बंद पडला, पुढे पुन्हा उघडला आणि २०२० साली सुलेखा शाई पुन्हा बाजारात आली.

या रंगाच्या शाईत काळा असा एकच रंग बहुधा नसतो. निळा, तांबूस, पिवळसर असे रंग मिसळून काळेपणा साधतात. हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्यावा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे. पाणी वर चढू लागले की काळ्या ठिपक्यातून एकेक रंग सुटा होऊ लागतो. माझ्या रजिस्टरात पुराच्या पाण्याने हाच प्रयोग केला होता! रंग कागदाला नुसता चिकटलेला असतो. जसा तो पाण्यात विरघळून आला, तसाच पाण्याबरोबर निघून जातो.

चौथी जात अलीकडची, आणि तिने वर्तुळ पूर्ण केले असे म्हणता येईल. जपानमधील प्लॅटिनम कंपनीची 'कार्बन ब्लॅक' आणि सेलर कंपनीची 'कीवागुरो' या शाईंत पुन्हा कार्बनच आहे. पण त्याचे कण इतके बारीक आणि असे सुटे राखलेले की ते फाउंटन पेनच्या चऱ्यांतून वाहतात. त्या वाळल्यावर पाण्याने जात नाहीत आणि उन्हाने विटत नाहीत. अट एकच, पेन नित्य वापरात असावे आणि वेळोवेळी धुवावे. पेनात वाळू दिली तर ही शाई तितकीच हट्टी. अमेरिकेतील नूडलर्स या नावाच्या काळ्या शाईने वेगळा मार्ग धरला आहे. तिचा रंग कागदातील सेल्युलोजशीच संयोग पावतो, म्हणून तो धुतला जात नाही.

मग श्रेष्ठ शाई कोणती? अनुभवाने सांगतो की हा प्रश्न असा विचारणेच चुकीचे. कामावाचून शाईची परीक्षा होत नाही. विद्यार्थ्याच्या वहीला रंगाची साधी काळी शाई उत्तम : पेन सुरळीत चालते, कपड्यावर पडली तर बऱ्याच अंशी धुता येते, किंमतही परवडते. दस्तऐवज, दाखले, ठरावाची वही, वंशावळी यांसाठी लोहाची किंवा कार्बनची शाई वापरावी. चित्राच्या दुकानात मिळणारी, लाख घातलेली 'इंडियन इंक' मात्र फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. घरी परीक्षा पाहायची असेल तर एकाच कागदावर प्रत्येक शाईने सारखी ओळ लिहावी, एक दिवस वाळू द्यावी, मग कागदाच्या तीन पट्ट्या कापाव्यात. एक पट्टी पाण्यात ठेवावी, दुसरी खिडकीत उन्हाला लावावी आणि तिसरी पुस्तकात जपून ठेवावी. महिन्याभराने तिन्ही शेजारी मांडल्या की बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा अधिक माहिती मिळते. आमच्या विज्ञानशिक्षकांनी हा प्रयोग आठवीच्या वर्गात अवश्य करून पाहावा.

आता त्या बाईंची गोष्ट पुरी करतो. रजिस्टरात त्यांची ओळ नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता पाहून मला मान वर करवेना. त्यांच्या मुलाने विचारले, "सर, दुसरीकडे कुठे लिहिलेले नसेल का?" तेव्हा आठवण झाली की पाचवीत प्रवेश देताना प्राथमिक शाळेचा दाखला आम्ही फाइलला लावीत असू. दोन दिवस शोधल्यावर ती फाइल मिळाली. दाखला भिजून पातळ झाला होता, एक कोपरा गळाला होता. पण गावच्या प्राथमिक शाळेतील कोणा जुन्या मास्तरांनी ब्लू-ब्लॅक शाईने टाकाने लिहिलेली जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही शाबूत होती. त्या मास्तरांचे अक्षर माझ्याइतके देखणे नव्हते. बाईंनी दाखला हातात घेतला, तारीख दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "सर, हे माझ्या वडिलांच्या समोर लिहिलेलं असणार."

मी काही बोललो नाही. ती ओळ मी लिहिली तेव्हाही तिचे वडील समोर उभेच असणार, आणि मास्तर लिहितात ते कायमचे, या विश्वासाने उभे असणार. आज बहुतेक नोंदी संगणकावर होतात, हे खरे. तरीही सही, मुलाखतीची वही, जमातीचे ठराव, निकाहाची नोंद यांत अजून हात आणि शाई आहे. ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना एवढीच विनंती की दुसऱ्याचे नाव लिहिण्यापूर्वी एकदा बाटलीकडे पाहावे.